गाडी जुनी, पण इंजिन मूळचेच का?

सोलापूरहून धाराशिव, येडशी करत बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर येरमाळा हे गाव लागते. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेमुळे ते सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. यात्रेच्या दिवसांत भाविकांची ने-आण करणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या आपण सर्वांनीच पाहिलेल्या आहेत. अशा गाड्यांपैकी काहींचे वय आपल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या तिप्पट, चौपट असते. एखाद्या वाड्याच्या पडवीत आजोबांच्या काळची फियाटही ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली सापडते. गाडी जुनी आहे हे नजरेला दिसते. पण तिच्यातील इंजिन कारखान्यातून तिच्यासोबतच बाहेर पडलेले आहे, की मधल्या काळात कुणी दुसरे बसवले आहे, हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'विंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी वा चारचाकी तिच्यात बसते. मात्र तिचे मूळ स्वरूप टिकलेले असले पाहिजे, आणि चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. इंजिनावरील क्रमांक आणि आरसी बुकातील क्रमांक जुळत नसतील, तर विम्याचा दावा अडतो, विक्री अडते, आणि बसवलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर ज्याने ते भाबडेपणाने विकत घेतले त्याच्या मागे चौकशी लागते. म्हणून हा प्रश्न विज्ञानाच्या पद्धतीने कसा सोडवतात ते पाहू या. त्यात मापन आहे, रसायनशास्त्र आहे, धातुशास्त्र आहे आणि थोडे तर्कशास्त्रही आहे.

प्रकार आणि नग

प्रथम शब्दांचा अर्थ नक्की करू. 'मूळ इंजिन' म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक, त्या गाडीला कारखान्यात ज्या प्रकारचे इंजिन बसवत असत त्याच प्रकारचे इंजिन. दोन, त्या गाडीला पहिल्या दिवशी बसवलेला नेमका तोच नग. शाळेच्या घंटेचे उदाहरण घ्या. जुनी घंटा फुटली आणि तशीच दुसरी आणली, तर प्रकार तोच राहिला, नग बदलला. प्रकार तपासायला मोजपट्टी पुरते. नग तपासायला मात्र क्रमांक, कागद आणि धातूचा ठसा या तिन्हींची साक्ष लागते.

पहिली पायरी : मोजून पाहणे

मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्याचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून १९५४ पासून तेथे 'फियाट ११००' तयार होऊ लागली. पुढे हीच गाडी 'पद्मिनी' या नावाने दोन दशकांहून अधिक काळ निघत राहिली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरांत पोचली. पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत 'बोअर', ६८ मिलिमीटर असतो आणि पिस्टनची चाल, म्हणजे 'स्ट्रोक', ७५ मिलिमीटर. आता विद्यार्थ्यांना वृत्तचितीचे सूत्र वापरायला सांगा. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, म्हणून तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३६.३ चौरस सेंटिमीटर. त्याला ७.५ ने गुणले की एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७२.४ घन सेंटिमीटर येते. चौपट केले की १०८९. या इंजिनाची क्षमता '१०८९ सीसी' म्हणून लिहितात ती हीच.

हीच रीत इतर गाड्यांना लावता येते. विलीज जीपच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर सुमारे ७९.४ आणि स्ट्रोक १११.१ मिलिमीटर, उत्तर सुमारे २२०० सीसी. महिंद्रच्या डिझेल जीपमध्ये असणारे प्यूजो इंजिन ९० बाय ८३ मिलिमीटरचे, म्हणून २११२ सीसी. त्याच्या 'एक्सडीपी ४.९०' या नावातील ४ हा आकडा सिलिंडरांचा आणि ९० हा बोअरचा आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये बरीच वर्षे १४८९ सीसीचे इंजिन असे. १९९० च्या दशकात इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आले. म्हणजे १९७० सालच्या अँबॅसडरमध्ये १८१७ सीसीचे इंजिन आढळले, तर पुढे काही तपासायची गरजच उरत नाही.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. इंजिन वर्षानुवर्षे चालले की सिलिंडरची आतली भिंत झिजते. मग लेथवाल्याकडे ब्लॉक नेऊन ती कातून मोठी करतात आणि किंचित मोठे पिस्टन बसवतात. याला 'रीबोअर' म्हणतात. पद्मिनीचा बोअर ६८ वरून ६८.६ मिलिमीटर झाला, तर हिशेबात १०८९ ऐवजी सुमारे ११०९ सीसी येतात. म्हणून 'आकडा जुळला नाही, सबब इंजिन बदलले' असा निष्कर्ष घाईचा ठरेल. झिजेने आणि दुरुस्तीने बोअर बदलतो. स्ट्रोक बदलत नाही, कारण तो क्रँकशाफ्टच्या आकारावर ठरतो. तेव्हा ओळख पटवायला स्ट्रोक हे माप अधिक भरवशाचे. कोणते माप काळाबरोबर बदलते आणि कोणते टिकते, हे आधी ठरवणे ही कोणत्याही मापनातली पहिली शिस्त आहे.

ग्रामीण भागात प्रकार बदलण्याचे मुख्य कारण इंधनाचा खर्च हे होते. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, त्यामुळे अनेक मालकांनी पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतले. मॅटाडोरचे इंजिन त्यासाठी विशेष पसंतीचे होते. असा बदल ओळखायला मोजपट्टीही लागत नाही. पेट्रोल इंजिनाला स्पार्क प्लग, कार्बुरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असतात. डिझेलला त्यांऐवजी इंधनाचा पंप आणि इंजेक्टर असतात. मात्र काही जीप कारखान्यातूनच डिझेल इंजिन घेऊन निघाल्या आहेत, हे विसरू नये.

दुसरी पायरी : क्रमांक आणि कागद

प्रकार जुळला, की नगाचा शोध सुरू होतो. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवरील एका सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला असतो. जुन्या विलीज जीपमध्ये ही जागा ब्लॉकच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पंपापाशी असते. चॅसीचा क्रमांक वेगळ्या जागी, चॅसीच्या पट्टीवर किंवा पाटीवर असतो. तेल, माती आणि रंगाचे थर रॉकेल व मऊ ब्रशने हळूच काढावेत. खरवडणे, पॉलिश पेपर घासणे कटाक्षाने टाळावे, कारण पुराव्याचे नुकसान त्यानेच होते. मग जागेवर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरवावी. नाण्यावर कागद ठेवून मुले जसा छाप काढतात, अगदी तसाच हा प्रकार. गाडीच्या तपासणीत चॅसी नंबरचा छाप याच रीतीने घेतात. छायाचित्रापेक्षा त्याचा फायदा असा, की आकड्यांचा आकार आणि अंतर खऱ्या मापात मिळते.

आता हा क्रमांक आरसी बुकातील क्रमांकाशी ताडून पाहावा. जुळला, तर काय सिद्ध झाले? इतकेच, की नोंदणी कार्यालयाला ठाऊक असलेले इंजिन हेच आहे. ते पहिले इंजिन आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही. कारण इंजिन बदलल्यावर आरटीओची परवानगी घेऊन नव्या क्रमांकाची नोंद करता येते, आणि प्रामाणिक मालक तसे करतात. म्हणून आजचे आरसी बुक नव्हे, तर पहिल्या नोंदणीचा उतारा, विक्रीची मूळ पावती, जुना विमा, किंवा कारखान्याची नोंद शोधावी लागते. रोल्स-रॉइससारख्या काही कंपन्यांच्या नोंदी इतक्या नीट जपल्या गेल्या आहेत, की शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीचाही मूळ इंजिन क्रमांक सापडू शकतो. आपल्याकडच्या सामान्य गाडीच्या बाबतीत असे भाग्य क्वचितच लाभते.

धाराशिव जिल्ह्यात या कागदांचा प्रवासही लांबचा आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर शेजारची बार्शी इंग्रजी अमलाखालील मुंबई इलाख्यात. पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. १९८९ नंतर वाहनांना 'एमएच-२५' अशी आजच्या पद्धतीची अक्षरे मिळू लागली. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी जुन्या वहीतून नव्या वहीत, आणि शेवटी संगणकावर, आकडे उतरवले. अशा वेळी इंग्रजी ३ चा ८ होतो, १ चा ७ होतो, शून्याचे अक्षर होते. म्हणून क्रमांक जुळला नाही तर फरक कसला आहे ते पाहावे. सहा आकड्यांपैकी एकच वेगळा असेल आणि तोही दिसायला सारखा असेल, तर उतरवण्यातील चूक संभवते. सगळेच आकडे निराळे असतील, तर इंजिनच निराळे असण्याची शक्यता अधिक.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. 'नंबर जुळतात' म्हणजे इंजिनावरचा आणि चॅसीवरचा आकडा एकच असतो, असे अनेकांना वाटते. काही कारखान्यांत तशी पद्धत होती, काहींत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात एकाच नमुन्याच्या जीपगाड्या अमेरिकेत विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक बनवल्या. फोर्डने चॅसी आणि इंजिन यांवर एकच क्रमांक घातला. विलीजच्या गाडीत दोन्ही क्रमांक मुळातच वेगळे असत. त्यामुळे विलीज जीपमध्ये दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आढळले, तर आनंदण्याऐवजी शंका घ्यावी. त्या कारखान्याची त्या वर्षीची रीत काय होती, हे जाणल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

तिसरी पायरी : तारखांची साखळी

इंजिनाचा ब्लॉक बिडाच्या ओतकामातून तयार होतो. पुष्कळ कारखाने साच्यातच ओतकामाचा क्रमांक आणि तारखेची खूण ठेवत. ही अक्षरे ठोकलेली नसतात, ती ब्लॉकच्या पृष्ठभागावर उठून आलेली असतात. त्यामुळे ती नंतर बदलणे ठोकलेल्या क्रमांकापेक्षा खूप कठीण.

आता क्रम पाहा. आधी ब्लॉक ओतला जातो, मग कातकाम होते, मग इंजिन जुळते, मग ते गाडीत बसते आणि सर्वांत शेवटी गाडीची नोंदणी होते. हा क्रम उलटा होऊ शकत नाही. समजा, गाडीची नोंदणी १९६४ ची आहे आणि ब्लॉकवर ओतकामाची खूण १९६८ ची आहे. मग हे इंजिन मूळचे नाही, हे एका झटक्यात आणि निर्विवाद सिद्ध होते. पण खूण १९६४ च्या आरंभीची असेल तर? तर इंजिन मूळचे असू शकते, एवढेच. त्याच सुमारास ओतलेल्या दुसऱ्या गाडीचेही ते असू शकेल.

विद्यार्थ्यांना इथे विज्ञानातील एक महत्त्वाची गोष्ट दाखवता येईल. विरोधी पुरावा एक मिळाला तरी तर्क कोसळतो. अनुकूल पुरावे कितीही मिळाले तरी तर्क केवळ बळकट होत जातो. म्हणूनच जाणकार तपासनीस प्रथम इंजिन मूळचे नसल्याचा पुरावा शोधतो. तो कसून शोधूनही सापडला नाही, की मगच पुढे जातो.

चौथी पायरी : ठसा खरा आहे का?

क्रमांक जुळतो, तारीख जुळते. तरी एक शंका राहते. जुना क्रमांक घासून त्यावर हवा तो क्रमांक ठोकला असेल तर? प्रथम भिंगातून जागा पाहावी. कारखान्यात ती जागा यंत्राने सपाट केलेली असते आणि तिच्यावर बहुधा एकसारख्या समांतर रेषा असतात. हाताने ग्राइंडर फिरवला असेल तर त्या जागी वाकड्या किंवा गोलसर ओरखडे दिसतात, जागा किंचित खोलगट होते. आकड्यांची वळणे त्या कारखान्याच्या इतर इंजिनांवरील आकड्यांशी जुळतात का, खोली सारखी आहे का, हेही पाहावे. अर्थात, प्रत्येक घासलेली जागा लबाडीचीच असते असे नाही. काही अमेरिकन इंजिनांत क्रमांक ब्लॉकच्या माथ्यालगतच्या सपाटीवर असतो. हेडची बैठक नीट करण्यासाठी माथा कातला की क्रमांकही त्यासोबत जातो.

घासून काढलेला क्रमांक परत वाचता येतो का? पुष्कळदा येतो, आणि यामागचे विज्ञान मोठे रंजक आहे. धातू हा सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. पोलादी ठोकणीने आकडा उमटवला की खळगा पडतो, शिवाय खळग्याखालचे कणही दबतात, वाकतात आणि त्यांच्या रचनेत असंख्य दोषरेषा निर्माण होतात. हा विस्कटलेला भाग खळग्याच्या तळापेक्षा बराच खोल गेलेला असतो. कुणी पृष्ठभाग घासून आकडा दिसेनासा केला, तरी खालचा विस्कटलेला भाग तसाच उरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण रसायनाला 'दिसतो'. दबलेल्या कणांत जास्तीची ऊर्जा साठलेली असल्याने योग्य द्रावण लावले असता तो भाग आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो. काही वेळाने त्या जागी आकड्याची पुसट आकृती उमटते. पोलादासाठी क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे 'फ्रायचे द्रावण' प्रसिद्ध आहे. ॲल्युमिनियमसाठी वेगळी द्रावणे लागतात. बिडावर हे काम पोलादापेक्षा अवघड जाते, कारण बीड ठिसूळ असल्याने ठोक्याने फारसे दबत नाही.

पोलादासारख्या चुंबकीय धातूसाठी दुसरी एक पद्धत आहे. जागा चुंबकित करून तिच्यावर द्रवात मिसळलेली लोखंडाची अतिबारीक भुकटी सोडतात. विस्कटलेल्या भागाचे चुंबकीय गुण वेगळे असल्याने भुकटी आकड्याच्या आकारात गोळा होते. या पद्धतीत धातू झिजत नाही, म्हणून शक्य तेथे ती आधी वापरतात. गुन्ह्याच्या तपासात असे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करतात. महाराष्ट्रात त्यांचे मुख्य केंद्र मुंबईत कलिना येथे आहे आणि मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला विभागीय प्रयोगशाळा आहे. आम्लाचा प्रयोग गॅरेजमध्ये किंवा शाळेत मुळीच करू नये. हातांना आणि डोळ्यांना इजा होते, शिवाय पुरावा कायमचा नष्ट होऊ शकतो.

वर्गात करून पाहा

हेच तत्त्व लाकडावर अगदी सुरक्षितपणे दाखवता येते. खोक्याच्या मऊ, पांढऱ्या लाकडाचा हातभर तुकडा घ्या. टोक बोथट केलेल्या जाड खिळ्याने त्यावर एखादा आकडा ठिपक्याठिपक्यांनी ठोकून उमटवा. तंतू तुटू नयेत, नुसते दबावेत. मग सुताराकडून रंधा मारून घ्या, म्हणजे आकडा नेमका दिसेनासा होईल तेवढेच लाकूड निघेल. आता तो तुकडा वर्गात फिरवा. कुणालाही आकडा वाचता येणार नाही. नंतर त्यावर गरम पाणी ओता आणि काही मिनिटे थांबा. दबलेले तंतू पाणी शोषून फुगतात आणि पुसलेला आकडा उठावदार होऊन वर येतो.

मुलांना दोन प्रश्न विचारा. रंधा आणखी खोल मारला असता तर काय झाले असते? आणि लाकडातील व धातूतील क्रियेत फरक कोणता? पहिल्याचे उत्तर ती स्वतःच प्रयोगाने शोधतील : दबलेला भाग पूर्ण निघून गेला, की आठवणही जाते. दुसऱ्याचे उत्तर असे, की लाकडात दबलेला भाग फुगतो, तर धातूत तो वेगळ्या वेगाने विरघळतो. साम्य इतकेच, की दोन्हींत ठोक्याची खूण पृष्ठभागाखाली शिल्लक असते.

निष्कर्ष कसा मांडावा

या सगळ्या तपासणीनंतर मालकाला काय सांगायचे? 'मूळचे' किंवा 'बदललेले' अशी दोनच उत्तरे पुरत नाहीत. प्रकार किंवा तारीख विसंगत असेल तर 'मूळचे नाही' असे निःशंक सांगावे. प्रकार, ओतकामाची तारीख, ठशाचे वळण आणि पहिल्या नोंदणीचा कागद ही चारही स्वतंत्र अंगे जुळली, तर 'मूळचे असण्याची दाट शक्यता' म्हणावे. पहिला कागदच उपलब्ध नसेल तर 'त्या काळचे, त्याच प्रकारचे इंजिन; नगाची खात्री नाही' असे लिहावे. हे तिसरे उत्तर बहुतेक गाड्यांच्या वाट्याला येते, आणि ते देण्यात कमीपणा मानू नये.

बदललेले इंजिन म्हणजे गाडी टाकाऊ, असेही समजू नये. दुष्काळी मुलखात ज्या जीपने तीन-तीन इंजिने झिजवून लोकांना दवाखान्यात, बाजाराला आणि यात्रेला पोचवले, तिने आपले काम चोख बजावले आहे. फक्त तो बदल कागदावर यायला हवा. आपल्या गावात अशी जुनी गाडी असेल, तर मालकाच्या परवानगीने विद्यार्थ्यांचा एक गट करून तिची नोंद तयार करावी : पेन्सिलचा छाप, ओतकामाच्या खुणा, जुने कागद, आणि इंजिन कधी, का व कुणी बदलले याची मिस्त्रीने सांगितलेली हकिकत. पहिले कागद जीर्ण होत आहेत आणि ती इंजिने स्वतःच्या हाताने बसवणारे मिस्त्री आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना विचारण्याचे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.